सोन्याचे पाणी दिलेली शर्यत

रिचमंडचा करंडक समोर आला की नजर आधी त्याच्या कानांवर जाते. दोन्ही बाजूंनी पंख असलेल्या स्त्रियांच्या आकृती वर आल्या आहेत, कमरेखाली त्यांची पाने होतात, आणि त्या देहांचेच कान बनतात. इतके देखणे काही दिसल्यावर डोळा तिथेच रेंगाळणार. तरीही रसिकाने क्षणभर कान विसरावेत आणि फक्त बाह्यरेषा पाहावी. या वस्तूची सगळी बुद्धी आधी त्या रेषेत आहे.

करंडक 1764 सालचा. उत्तर यॉर्कशायरमधल्या रिचमंड गावच्या घोड्यांच्या शर्यतीसाठी तो घडवला गेला. आराखडा रॉबर्ट ॲडम या वास्तुशिल्पकाराचा, घडाई लंडनच्या डॅनियल स्मिथ आणि रॉबर्ट शार्प या भागीदारांची. अशा बक्षिसाला लोक ‘गोल्ड कप’ म्हणत. प्रत्यक्षात अंग चांदीचे आणि वर सोन्याचा मुलामा. इंग्लंडच्या चांदीकामात नवअभिजात शैली नीट उमटलेल्या अगदी सुरुवातीच्या वस्तूंपैकी ही एक. ती राजवाड्यासाठी किंवा चर्चसाठी न घडता घोड्यांच्या शर्यतीसाठी घडली, याची मला फार गंमत वाटते.

आता रेषा. पायथ्याशी गोल बैठक, तिच्यातून वर येणारी निमुळती दांडी, मग फुगत जाणारे पोट, खांदा, आणि त्यावर झाकण. प्राचीन रोमच्या संगमरवरी कुंभांचा हा आकार. त्याआधीची वीस-पंचवीस वर्षे लंडनच्या चांदीवर रोकोकोचे राज्य होते. शिंपले, लाटा, वाकडी-तिकडी वळणे, डावी बाजू उजवीसारखी नाही, आणि बोट टेकवायला मोकळी जागा नाही. त्या भांड्यांत मौज पुष्कळ होती, पण आकार कुठे संपतो आणि नक्षी कुठे सुरू होते हे सांगता येत नसे. ॲडमच्या कुंभात ते पहिल्या नजरेत कळते. बाक जिथे दिशा बदलतो, आत वळलेली रेषा जिथे बाहेर निघते, नेमकी तिथेच नक्षीची पट्टी येते. दोन पट्ट्यांच्या मधला भाग श्वास घेतो. इमारतीत खांब जिथे पायाला आणि छताला भेटतो तिथेच घडण असते. ॲडमने तोच हिशेब हातात मावेल अशा वस्तूला लावला.

यात एक कारागिरीचा चतुरपणा आहे, तो सहज नजरेतून सुटतो. असे भांडे एका तुकड्यात होत नाही. बैठक, पोट, झाकण वेगवेगळे घडतात आणि मग डाख देऊन जोडले जातात. पत्र्याची कड उघडी राहिली तर ती वाकते, सांधा उघडा राहिला तर तो दिसतो. मण्यांची ओळ किंवा पानांची किनार तिथे बसवली की कडेला बळ येते आणि डाखाची रेघ झाकली जाते. शैलीला जिथे विसावा हवा होता, तिथेच धातूला आधार हवा होता. दोन्ही गरजा एकाच ओळीत भागवणारा आराखडा कागदावर सोपा दिसतो. तो सुचायला घर कसे उभे राहते हे माहीत असलेला माणूस लागतो.

ॲडम तसा होता. 1728 मध्ये स्कॉटलंडमधल्या कर्कॉल्डीत जन्मलेला हा गृहस्थ 1754 ते 1758 युरोपात होता, त्यातला मोठा काळ इटलीत. रोममध्ये त्याने क्लेरिसो या फ्रेंच चित्रकाराकडून रेखाटनाचे धडे घेतले, प्राचीन रोमची चित्रे कोरणाऱ्या पिरानेसीशी मैत्री केली, आणि परतीच्या वाटेवर 1757 मध्ये ॲड्रियाटिकच्या किनाऱ्यावरील स्प्लिटला जाऊन सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्याची मोजमापे घेतली. त्या अवशेषांवरचा त्याचा भव्य ग्रंथ प्रसिद्ध झाला 1764 मध्ये, म्हणजे करंडकाच्याच साली. एकाच माणसाच्या टेबलावर एका बाजूला सम्राटाच्या राजवाड्याचे नकाशे आणि दुसऱ्या बाजूला यॉर्कशायरच्या माळावरचे बक्षीस! त्याला यात विसंगती वाटली नसावी. छतापासून दाराच्या मुठीपर्यंत सगळे एका हाताचे असावे, असा त्याचा आग्रहच होता.

हे काम त्याच्याकडे आले कसे, तेही रंजक आहे. सर लॉरेन्स डंडास या स्कॉटिश गृहस्थाने सैन्याला रसद पुरवण्याच्या कंत्राटांवर अफाट पैसा केला होता. त्याने रिचमंडजवळची आस्क हॉल ही जहागीर विकत घेतली. जमिनीबरोबर गावच्या संसदीय जागेवरची वटही हाती येते, हा त्यातला खरा फायदा. 1763 मध्ये त्याचा मुलगा थॉमस रिचमंडचा खासदार झाला, आणि त्याच सुमारास ॲडमने थॉमस डंडाससाठी बक्षिसाच्या कुंभाचे चित्र काढले. आपल्याकडे मैदानात फ्लेक्स लागतो, ‘आमदार चषक’ जाहीर होतो, त्याचाच हा अठराव्या शतकातला थोरला भाऊ. फरक एवढाच की या खासदाराने चषक ठरवताना देशातला उत्तम वास्तुशिल्पकार गाठला. तोच ॲडम पुढे लॉरेन्स डंडासच्या लंडनमधल्या घरासाठी खुर्च्या आखणार होता आणि त्या घडवणार होता नामवंत सुतार थॉमस चिपेन्डेल. अभिरुचीही विकत घेता येते, पण ती योग्य माणसाकडून घ्यावी, एवढे भान या घराण्याला होते.

आता कानांकडे वळू. दोन कानांचा झाकणाचा पेला ही इंग्लंडची जुनी रीत. मेजवानीत तो हातोहात फिरे. ॲडमच्या वेळेपर्यंत त्यातून पिणे जवळपास सुटले होते आणि मांडणे उरले होते. म्हणून कानांना नवे काम मिळाले: पेल्याच्या दोन बाजू तोलून धरणे. पंख असलेली स्त्री म्हणजे प्राचीन कलेतली विजयदेवता, हे त्या काळच्या शिकल्या-सवरलेल्या माणसाला सांगावे लागत नसे. पण नुसती देवता चिकटवली असती तर ती दागिन्यासारखी दिसली असती. इथे ती वजन पेलणाऱ्या स्तंभस्त्रीसारखी उभी आहे आणि कमरेखाली पानांत विरघळते. मानवी देह कुठे संपला आणि वेल कुठे सुरू झाली याचा नेमका सांधा शोधायला गेलो तर तो सापडू नये, अशीच ही युक्ती असते. स्त्री आणि पेल्याचे पोट यांच्यामधली हवेची फटही मुद्दाम पाहावी. त्या रिकाम्या जागेलाही आकार आहे, आणि ती नसती तर हा सगळा ऐवज जड झाला असता.

एक कुरकूर नोंदवतो. विजेत्याने हा करंडक डोक्यावर उचलून धरायचा म्हटला तर पंख तळहातात रुततील. कान हातासाठी कमी आणि डोळ्यासाठी जास्त घडले आहेत. लेखक होरेस वॉल्पोलने पुढच्या काळात ॲडमच्या नाजूक नक्षीची टर उडवली, ती सगळीच अन्यायाची नव्हती. मात्र 1764 चा ॲडम अजून मांसल आहे, ठाम आहे. त्याची रेघ पुढे जितकी बारीक आणि भरतकामासारखी झाली तितकी अजून झालेली नाही. मला हाच ॲडम अधिक आवडतो.

पेल्याच्या अंगावर उठावात शर्यतीचे घोडे आहेत. इथे आराखड्यातली सगळ्यात अवघड गोष्ट येते, आणि तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. बक्षीस शर्यतीच्या आधी तयार होते. घडवणाऱ्याला कोण जिंकणार हे माहीत नसते. म्हणजे उठावातला घोडा कुणाचाच असून चालत नाही, आणि तरी तो जिंकणाऱ्या प्रत्येकाला आपला वाटला पाहिजे.

याच्या शेजारी जॉर्ज स्टब्सचे चित्र ठेवून पाहा. 1765 मध्ये त्याने लॉर्ड बोलिंगब्रोकसाठी गिमक्रॅक या करड्या घोड्याचे न्यूमार्केटच्या माळावरचे चित्र रंगवले. एकाच कॅनव्हासवर तोच घोडा दोनदा आहे: दूरवर सगळ्यांना मागे टाकून धावणारा, आणि पुढे डाव्या बाजूला, अंग पुसण्याच्या खोलीपाशी, शर्यत संपल्यावरचा. स्टब्सने लिंकनशायरमधल्या हॉर्कस्टो गावी घोड्यांची प्रेते महिनोन्‌महिने चिरून स्नायू न् स्नायू रेखाटला होता. त्यावरचे पुस्तक 1766 मध्ये आले. त्याचा घोडा नावानिशी ओळखता येतो, कारण चित्र विजयानंतर काढायचे असते. चांदीवरच्या घोड्याला नाव नाही, कारण त्याला विजयाची वाट पाहायची आहे. स्टब्सकडे आठवण आहे, करंडकाकडे शक्यता. चांदीवरच्या घोड्यात ओळखीच्या खुणा नाहीत म्हणून तो स्टब्सपुढे फिका ठरतो, असे काही जाणकार समजतात. मला ते पटत नाही. तो घोडा मुद्दाम कोरा ठेवलेला आहे, बक्षिसावर नावासाठी जागा कोरी ठेवतात तसाच.

त्या काळच्या चित्रांत आणि उठावांत धावणारे घोडे पुढचे दोन पाय पुढे आणि मागचे दोन मागे ताणून जणू हवेत तरंगतात. खरा घोडा असा कधीच धावत नाही. चारही पाय जमिनीवरून सुटतात तो क्षण पाय पोटाखाली गोळा झालेले असताना येतो, हे 1878 मध्ये मायब्रिजच्या छायाचित्रांनी दाखवले. पण वक्र पृष्ठभागावर ही चूक किती उपयोगी पडते पाहा. ताणलेला घोडा आडव्या पट्टीत नेमका बसतो. पाय आणि मान मिळून एक लांब रेघ तयार होते, आणि कुंभाच्या गोलाईवरून ती रेघ पलीकडे वळून नजरेआड जाते. पलीकडे काय झाले ते पाहायला भांड्याभोवती फिरावे लागते. सपाट कॅनव्हासला जे जमत नाही ते इथे भांड्याचे पोट करते.

प्रत्यक्षातली शर्यत अशी तरंगती नसे. बड्या बक्षिसांसाठी चार-चार मैलांच्या फेऱ्या असत आणि दोन फेऱ्या जिंकेपर्यंत निकाल लागत नसे. एकाच दिवशी तेच जनावर पुन्हा पुन्हा पळवले जाई. घाम, चिखल, पैजा, शिवीगाळ. उत्तर इंग्लंडचा हा भाग त्यात मुरलेला. शर्यतीच्या घोड्यांच्या मूळपुरुषांपैकी एक मानला गेलेला डार्ली अरेबियन हा अरबी घोडा 1704 मध्ये यॉर्कशायरमध्येच आला होता. या सगळ्या गदारोळातून आराखड्याने वेग तेवढा घेतला आणि चिखल सोडून दिला. नवअभिजात शैलीवर थंडपणाचा आरोप होतो, त्याला माझे उत्तर असे की थंडपणा आणि निवड यांत फरक आहे.

शिवाय ही निवड परंपरेला धरून आहे. होमरच्या ‘इलियड’मध्ये मित्र पॅट्रोक्लसच्या मृत्यूनंतर वीर अकिलीज रथांची शर्यत ठेवतो. पाचव्या क्रमांकाचे बक्षीस म्हणजे दोन कानांचे एक पात्र. ते कुणालाच मिळत नाही, तेव्हा अकिलीज ते वृद्ध नेस्टरला मानाने देतो. अथेन्सच्या महोत्सवात विजेत्याला तेलाने भरलेले दोन कानी कुंभ मिळत. त्यांच्या एका बाजूला अथेना, दुसऱ्या बाजूला ज्या खेळासाठी बक्षीस त्याचे चित्र. अलेक्झांडर पोपच्या भाषांतरामुळे होमर तेव्हा इंग्रज जमीनदारांच्या घरोघरी पोचला होता. त्यामुळे कुंभावर घोडे आणि कानांवर विजयदेवता ही कल्पना ॲडमला कुठून ओढून-ताणून आणावी लागली नाही. घोड्यांच्या शर्यतीचे बक्षीस पात्रच असावे, हे युरोपच्या सर्वांत जुन्या काव्यात ठरून गेले होते. रोमच्या कुंभाला एरवी अस्थिकलशाची आठवण चिकटलेली असते. शर्यतीच्या उठावाने ती पुसली आणि त्या आकाराला त्याचे मूळचे आनंदाचे काम परत दिले.

बारीक नक्षीत दोनच गोष्टी सांगतो, कारण त्या ओळखता आल्या की या शैलीतले कुठलेही काम वाचता येते. एक अकँथसची पाने. पोटाच्या खालच्या अंगाला ती खालून वर चढतात आणि पेला जणू फुलाच्या देठावर उमलला आहे असे वाटते. पानांची टोके किंचित बाहेर झुकलेली असतील तर कारागीर चांगला. चिकटून सपाट बसली असतील तर साच्यातून काढून गप्प बसलेला. दुसरी गोष्ट अँथेमियन, म्हणजे पंख्यासारखी उघडणारी फुलाकृती, एक उघडी आणि एक मिटलेली अशी आलटून पालटून पट्टीभर फिरणारी. ही लय मोजून बसवावी लागते. गोल फिरून आल्यावर शेवटचे फूल पहिल्याला भेटताना अंतर चुकले तर अर्धे फूल कापावे लागते, आणि ती चोरी कानाच्या मागे लपवायचा मोह होतो. म्हणून जाणकार आधी कानामागे पाहतात.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ही भाषा सर्वत्र पसरली. मेंढ्यांची मुंडकी, त्यांच्या शिंगांवरून लोंबणारी पानाफुलांची तोरणे, अंडाकृती चौकटीतला घोडा, पन्हळी, मण्यांच्या ओळी. 1773 मध्ये बर्मिंगहॅम आणि शेफील्डलाही चांदी पारखण्याची कचेरी मिळाली, पत्रा यंत्राने लाटला जाऊ लागला, तोरणे ठशातून निघू लागली. काही करंडक तरीही सुंदर आहेत. पण पुष्कळांवर तोरण अशा ठिकाणी लोंबते की ते कुणाला धरून आहे हे कळत नाही. रिचमंडच्या करंडकानंतर ते पाहिले की पाठांतर आणि बोलणे यांतला फरक जाणवतो.

आता सोने. चांदीवर सोने चढवायची तेव्हाची रीत जीवघेणी होती. सोने पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा गोळा करायचा, तो चांदीवर चोळायचा आणि आगीवर धरायचा. पारा वाफ होऊन उडून जाई, सोने मागे राही, आणि ती वाफ कारागिराच्या छातीत जाई. मग घासून चकाकी आणायची. त्यातही सगळीकडे सारखी चकाकी आणत नाहीत. उंच भाग घोटून आरशासारखा करायचा, खोलगट भाग मुलाम्यानंतर निघाला तसा मंद ठेवायचा. त्यामुळे उठावाच्या अंगाला दोन प्रकारचे सोने मिळते, आणि घोड्याची पाठ जमिनीपासून सुटून वर येते. उठाव प्रत्यक्षात असतो त्याहून खोल भासतो, तो या फरकामुळे.

हा खेळ दिवसाच्या सपाट उजेडात अर्धाच कळतो. अशा वस्तूची जागा जेवणघरात, भिंतीलगतच्या टेबलावर. इंग्रज लोक जेवणानंतरही तिथेच बसून राजकारण बोलत राहतात, म्हणून या खोलीला फ्रान्सपेक्षा इथे जास्त महत्त्व, असे ॲडमने स्वतःच लिहून ठेवले आहे. केडलस्टन हॉलच्या जेवणघरात त्याने भांडी मांडायची जागा भिंतीतल्या कोनाड्यासह आखली होती. मेणबत्त्यांचा उजेड खालून आणि बाजूने येतो, हलतो. हलत्या उजेडात घोटलेला भाग चमकून विझतो आणि मंद भाग तसाच तेवत राहतो. घोडे धावायला लागतात ते तेव्हा.

स्मिथ आणि शार्प यांच्याविषयी थोडे सांगायलाच हवे, कारण श्रेय बहुधा ॲडमकडेच जाते. चित्र सपाट असते. शाईची रेघ आणि छाया. स्त्रीची पाठ कशी, पंख मागून कसा, पान किती जाड, हे सगळे चित्रात नसते, ते घडवणाऱ्याने ठरवायचे. अशा कामात उठाव बहुधा पत्र्याला राळेवर टेकवून बोथट छिन्न्यांनी पुढून-मागून ठोकून काढतात, आणि कान साच्यात ओतून मग हाताने साफ करतात. लाकडाचा किंवा धातूचा मूळ नमुना एकदा झाला की तो जपून ठेवायचा, कारण खर्च त्यातच. रिचमंडसाठी हाच आराखडा पुढच्या वर्षांतही पुन्हा वापरला गेला, त्यामागे अभिरुचीइतकेच हे व्यवहारी गणित असावे. या पेढीची सुरुवातीची नोंद मात्र हाती लागत नाही: मोठी भांडी घडवणाऱ्यांचे शिक्के ज्या वहीत नोंदले जात ती 1773 च्या आधीच्या काही वर्षांची लंडनची वही हरवली आहे. म्हणून त्यांच्या कामाची साक्ष त्यांच्या कामावरच शोधावी लागते.

ती सापडते शिक्क्यांत. चालणारा सिंह म्हणजे चांदी 92.5 टक्के शुद्ध, मुकुटधारी चित्त्याचे डोके म्हणजे लंडन, एक अक्षर म्हणजे साल, आणि घडवणाऱ्याची आद्याक्षरे. हे सालाचे अक्षर मे महिन्याच्या अखेरीस बदले, त्यामुळे एकाच अक्षरात दोन इंग्रजी वर्षांचे तुकडे येतात. अशा शिक्क्यांसाठी चांगला कारागीर जागा आधीच राखतो, नक्षीला धक्का लागू नये अशी. ही राखलेली जागा पाहिली की कळते, पहिला ठोका घालण्याआधी त्याने शेवटचा ठोका विचारात घेतला होता.

करंडकाभोवतीच्या जागांचे आणि माणसांचे पुढे काय झाले, तेही सांगतो. रिचमंडच्या माळावर जॉन कार या यॉर्कच्या वास्तुशिल्पकाराने 1770 च्या दशकात दगडी ग्रँडस्टँड बांधले, आणि 1891 नंतर तिथल्या शर्यती थांबल्या. डंडासांचे वंशज झेटलंडचे मार्क्विस झाले. त्याआधी, 1850 मध्ये, या घराण्याच्या व्होल्टिजर घोड्याने डर्बी आणि सेंट लेजर या दोन्ही शर्यती जिंकल्या. ॲडमची सुमारे नऊ हजार रेखाटने 1833 मध्ये वास्तुशिल्पकार सर जॉन सोनने दोनशे पौंडांना घेतली आणि ती लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्समधल्या सोन संग्रहालयात आहेत.

मुलाबाळांकडे लंडनला जाणारे आपले लोक आता कमी नाहीत. त्यांनी एक दुपार काढावी. सोन संग्रहालयाला तिकीट नाही, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली चांदीची दालनेही विनामूल्य आहेत. नवअभिजात काळातला कुठलाही झाकणाचा पेला निवडावा, समोरून पाहून झाल्यावर बाजूने पाहावा, आणि कानाच्या मागचे फूल पूर्ण आहे की कापलेले, तेवढे जरूर तपासावे.